औषधाचे अदृश्य वाटेकरी

दुसऱ्याचे मूत्रपिंड रोग्याच्या देहात बसविणे कठीण खरे, परंतु ते तेथे टिकविणे त्याहून कठीण. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण केले, तेव्हा देणारा व घेणारा हे एकरूप जुळे भाऊ होते. म्हणून देहाने ते मूत्रपिंड परके मानले नाही. ज्याला असा भाऊ नाही, त्याच्या रक्तातील रक्षक पेशी नव्या मूत्रपिंडावर तुटून पडतात. त्यांना आवरण्यासाठी रोज औषध घ्यावे लागते, आणि तेही मूत्रपिंड टिकेल तोवर.

अशा औषधांत आज टॅक्रोलिमस प्रमुख आहे. १९८४ साली जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या एका जंतूपासून ते मिळाले. त्याची मात्रा मोठी नाजूक. कमी पडली तर मूत्रपिंड नाकारले जाते. अधिक झाली तर त्याच मूत्रपिंडाला अपाय होतो. म्हणून सकाळची मात्रा घेण्यापूर्वी रक्त तपासून तिचे मान ठरवितात.

आता प्रश्न असा की, एका रोग्याला पुरणारी मात्रा दुसऱ्याला अपुरी का पडते? यकृत व आतड्याची भिंत औषध मोडतात, आणि हा गुण प्रत्येकात सारखा नसतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी १९ रोगी तपासले. ज्या पाच जणांची मात्रा पुष्कळ वाढवावी लागली, त्यांच्या मलात फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्नित्झी नावाचा जंतू अधिक आढळला. (नावावर जाऊ नये, आमचीही जीभ अडखळते.) पुढे प्रयोगशाळेत दिसले की, हा जंतू टॅक्रोलिमसचे रूपांतर सुमारे पंधरा पट दुबळ्या द्रव्यात करतो. जंतूने दिलेले औषध जंतूनेच मोडावे, ही गोष्ट आम्हांस विलक्षण वाटते. मात्र एकोणीस रोगी म्हणजे फार नव्हेत, हे विसरता कामा नये. शिवाय हा जंतू वैरी नव्हे. धान्य-भाजीतील चोथ्यापासून तो आतड्याच्या अस्तराला पोषक आम्ल बनवितो.

जुलाब झाले म्हणजे औषध वाहून गेले, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात आतड्याची औषध मोडण्याची शक्ती तेव्हा घटते आणि टॅक्रोलिमस रक्तात बहुधा वाढते! अशा वेळी आपल्या मनाने मात्रा न वाढविता डॉक्टरांस कळवावे.

मायकोफेनोलेट या जोडीच्या औषधाची तऱ्हा उलट आहे. यकृत त्याला शर्करेची जोड देऊन पित्तावाटे आतड्यात टाकून देते. तेथील जंतू ती जोड सोडवितात आणि टाकलेले औषध पुन्हा रक्तात शिरते.