नवखेपण सोडायची घाई

चि. ईशास,


तबल्याचा क्लास सोडावा म्हणतेस, आणि कारण काय, तर आपल्या हाताचं आपल्यालाच ऐकवत नाही. वेळ मिळत नाही, मांडी घालून पाय अवघडतात, शेजारी कटकट करतात, असलं काही कारण असतं तर मी पत्र लिहायच्या भानगडीत पडलो नसतो. पण तू दिलेलं कारण मला क्लास सोडण्याचं वाटत नाही, उलट टिकून राहण्याचं वाटतं. नवशिक्याचा खरा आनंद या न ऐकवण्याच्या अगदी शेजारीच असतो असं माझं मत आहे. ते नुसतं मत राहू नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दाहिन्यावरचा साधा ‘ना’ घे. अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकवायची आणि तर्जनीने चाटेवर असा आघात करायचा की नाद मोकळा निघावा. अनामिका जास्त दाबली गेली की नाद मरतो, टेकलीच नाही की भलताच बोल निघतो. तबला न शिकलेल्या माणसाला हे सगळे आवाज सारखेच वाटतात. थोडे आठवडे बसलेल्याला ते वेगवेगळे ऐकू येतात, पण हवा तो आवाज हातून हमखास निघत नाही. म्हणजे कान पुढे गेलेला असतो आणि हात मागे राहिलेला असतो. स्वतःचं वाजवणं वाईट वाटू लागलं, तर वाजवणं बिघडलं असं समजू नये. ऐकणं सुधारलेलं असतं. आणि हा सुधारलेला कान फक्त आपले दोष मोजायला मिळालेला नसतो. तीनतालाच्या खालीच्या विभागात बायाचा घुमारा थांबतो आणि सम जवळ येताना परत भरून येतो, हे वर्षानुवर्षं मैफलींना जाणाऱ्यालाही कित्येकदा जाणवलेलं नसतं. तोच ठेका कसाबसा हाताखाली बसवलेल्याला मात्र ते ऐकू आल्याशिवाय राहत नाही. वाजवता काहीच येत नसताना ऐकण्याचं एवढं मोठं दान पदरात पडतं, ते नवशिक्याच्याच.

शिवाय ही वाढ पुन्हा एवढ्या वेगाने होत नाही. ॲलन न्यूएल आणि पॉल रोझेनब्लूम यांनी १९८१ मध्ये सरावाबद्दलचे अनेक प्रयोग एकत्र मांडून दाखवलं की निरनिराळ्या कामांत सुधारणेचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि पुढे तो सतत मंदावत जातो. मुरलेल्या वादकाला एक बारीकसा फरक साधायला वर्ष घालवावं लागतं आणि तो फरक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. तुझा मंगळवार आणि शुक्रवार मात्र तुला स्वतःला वेगळे ओळखू येतात. ऑफिसात तुझ्या शब्दाला वजन आहे, हे खरं. पण तिथे असं शेवटचं कधी झालं होतं?

आता दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं उदाहरण, कारण ते मला फार आवडतं. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेला, हार्वर्डमध्ये शिकलेला हा गणिती. संख्याशास्त्र कशाला तरी लावून पाहायचं म्हणून जुन्या आहत नाण्यांकडे वळला. चलनात फिरून नाणं झिजतं, तेव्हा वजनांवरून नाण्यांच्या साठ्यांचा काळाचा क्रम लावता येईल, हा विचार. पण आधी झीज कशी होते ते कळायला हवं, म्हणून त्यांनी रोजच्या वापरातली साधी चिल्लर तराजूत घालून पाहिली. पुढे ही नाणी पाडली कोणी, हे शोधताना जुने ग्रंथ वाचणं भाग पडलं, म्हणून संस्कृत पक्कं करायला घेतलं. त्यातून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये निघाली आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ. तू म्हणशील, ते कोसंबी, आपण कोण! बरोबर आहे, आणि म्हणूनच मी त्यांच्या ग्रंथांकडे बोट दाखवत नाही. मला महत्त्वाची वाटते ती चिल्लर. गणितात नाव असलेल्या माणसाला दुसऱ्या विषयाच्या पहिल्या इयत्तेत बसून सुटी नाणी तोलायला कमीपणा वाटला नाही. आठ वर्षांच्या मुलांच्या ओळीत बसून ‘धा’ घोकताना तुला तो वाटतो, असा माझा संशय आहे.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हे तुझे बाबा म्हणतीलच. त्यांच्या जोडीला दहा हजार तासांचा तो सुप्रसिद्ध आकडाही येईल. तो आला बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी तो १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत पुढच्या विद्यार्थ्यांचा विसाव्या वर्षापर्यंतचा तो सरासरी सराव होता. दारात उभं राहण्याचं शुल्क म्हणून कोणी तो सांगितलेला नाही. गंमत म्हणजे असा नेटाने केलेला सराव मुळात सुखाचा नसतो, असंच त्या मंडळींचं प्रतिपादन आहे. ज्याला मंचावर बसायचंय त्याने ते सोसावं. तुला बसायचं नाही, मग त्याच्या मोजपट्टीने स्वतःला का मापतेस?

चिंध्यांचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. दर दोन महिन्यांनी नवा छंद आणि नवं सामान घेणारी माणसं असतात, आणि माझ्या बोलण्याने त्यांना पाठबळ मिळेल अशी भीती रास्त आहे. पण नीट पाहिलंस तर ही माणसं नवखेपण भोगतच नाहीत. खरेदीचा उत्साह संपतो, कान हाताच्या पुढे जायला लागतो, आपलंच काम आपल्याला खुपायला लागतं, आणि नेमकी तिथेच ती उठतात. म्हणून छंद किती घेतले यापेक्षा कुठल्या टप्प्यावर सोडले, हे मी आधी विचारीन. तू आत्ता त्याच टप्प्यावर आहेस. कान आणि हात पुन्हा जवळ येईपर्यंत थांब. त्यानंतर कंटाळून सोडलास तर माझी तक्रार नाही.

तोवर दोन गोष्टी कर. रोज मोबाईलवर रेकॉर्ड करून स्वतःची उलटतपासणी घेऊ नकोस, महिन्यातून एकदा पुरे. आणि लय वाढवून मागू नकोस. गुरुजी देतील तेव्हा देतील. गणपतीत चार पाहुण्यांसमोर तुला आरतीला तबल्यावर बसवायचा ताईचा बेत आहे असं कळलं. तिला मी परस्पर नाही सांगतो, तेवढं माझ्याकडे लागलं.

तुझा,
मामा