जुना लॅपटॉप आणि नवा प्रोसेसर : निवडीचा विचार

आपल्या महाविद्यालयात पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळातील खेड्यांतून येणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कित्येक जण घराण्यातील पहिलेच महाविद्यालयीन विद्यार्थी होत. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच एक. अशा घरात लॅपटॉप येतो तो बहुधा जुना, स्वस्तातला आणि दुसऱ्याने वापरून टाकलेला. भात विकून किंवा सुट्टीत एखाद्या हॉटेलात काम करून जमवलेल्या पैशांतून तो घेतलेला असतो. काही महिन्यांत तो मंद वाटू लागतो आणि मग कोणीतरी सल्ला देतो, "प्रोसेसर बदलून घे, नव्यासारखा पळेल." हा सल्ला कितपत खरा आहे, आणि खरा असेल तर प्रोसेसर निवडावा कसा, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. लेखक कला शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे विषय शक्यतो साध्या शब्दांत मांडला आहे.

प्रोसेसरचे काम

प्रोसेसर म्हणजे संगणकातील आकडेमोड करणारा व आज्ञा पाळणारा भाग. त्याच्या वर्णनात तीन गोष्टी प्रामुख्याने येतात. पहिली, कोअरची संख्या, म्हणजे एका वेळी काम करणारे हात किती. दुसरी, गिगाहर्ट्झमध्ये मोजला जाणारा वेग. तिसरी, कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी पण अतिशय जलद स्मृती. ह्यांपैकी केवळ गिगाहर्ट्झचा आकडा पाहून निवड करणे चुकीचे ठरते. एकाच पिढीतील दोन प्रोसेसरांची तुलना ह्या आकड्यावरून थोडीफार करता येते; पण नवी पिढी प्रत्येक ठोक्याला अधिक काम करीत असल्यामुळे निरनिराळ्या पिढ्यांतील समान आकडे समान वेग दाखवीत नाहीत.

काम अडते कोठे?

आता मुख्य प्रश्न असा की, लॅपटॉप मंद झाला म्हणजे प्रोसेसरच मंद असतो काय? आपल्या बोरघाटाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १८६३ साली घाटातील रेल्वेमार्ग सुरू झाला. सदतीस फुटांत एक फूट असा त्याचा तीव्र चढ होता. शिवाय खंडाळ्याजवळ 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. तेथे गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकास जाई व गाडी उलट दिशेने पुढे चढू लागे. इंजिन कितीही दमदार जोडले तरी हा थांबा चुकणे शक्य नव्हते. १९२९ साली नवा मार्ग काढला तेव्हाच तो थांबा गेला. अडचण मार्गात असताना केवळ इंजिन बदलून ती दूर होत नाही, हे ह्यावरून ध्यानात येईल.

जुन्या लॅपटॉपमध्ये असा थांबा पुष्कळदा हार्ड डिस्क हा असतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला ९० वेळा फिरते. हवी ती माहिती सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिसेकंद लागतात. सुई जागेवर सरकण्याचा वेळ वेगळाच. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने हेच काम एका मिलिसेकंदाच्याही अल्पांशात होते. तोवर प्रोसेसर मात्र रिकामा बसून वाट पाहत असतो. त्याच्या जागी दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणून बसवला तर तोही वाटच पाहील!

म्हणून खर्चाआधी परीक्षा करावी. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू ठेवून त्यातील आकडे दहा मिनिटे पाहावेत. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर खिळून राहिला आणि प्रोसेसरचा वीस-तीसवरच घुटमळला, तर दोष डिस्ककडे. मेमरीचा आकडा नव्वदच्या वर राहिला, तर रॅम अपुरी. प्रोसेसरचाच आकडा सतत शंभरजवळ राहिला, तरच प्रोसेसर बदलण्याचा विचार पुढे न्यावा.

तो बदलता येतो काय?

मेजावरच्या संगणकात प्रोसेसर बहुधा सॉकेटमध्ये बसवलेला असतो. लॅपटॉपचे तसे नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण २०१३-१४ पर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये असे व काढता येई. पाचव्या पिढीपासून इंटेलचे लॅपटॉपसाठीचे प्रोसेसर मदरबोर्डवर डाख देऊनच बसवलेले येतात. ते बदलणे म्हणजे जवळजवळ मदरबोर्डच बदलणे होय, आणि स्वस्त लॅपटॉपच्या बाबतीत तो व्यवहार परवडत नाही.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी असलेले अक्षर ह्या बाबतीत उपयोगी पडते. चौथ्या पिढीतील '४२००एम' सॉकेटमध्ये बसतो. पण '४२००यू' डाख दिलेला असतो. तसेच 'एमक्यू' सॉकेटचा, तर 'एचक्यू' डाखाचा. 'यू' हे अक्षर दिसले की प्रोसेसर बदलण्याचा विचार तेथेच सोडून द्यावा.

निवडीच्या कसोट्या

प्रोसेसर बदलता येण्याजोगा असेल, तर चार कसोट्या लावाव्यात.

१. सॉकेट तेच हवे. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे सॉकेट एकच, परंतु पहिल्या व चौथ्या पिढीची सॉकेटे वेगळी आहेत.

२. मदरबोर्डच्या बायॉसला नवा प्रोसेसर ओळखता आला पाहिजे. सॉकेट जुळूनही बायॉसने ओळखले नाही, तर यंत्र सुरूच होत नाही. काही कंपन्या आपल्या दुरुस्ती-पुस्तिकेत त्या मॉडेलला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी देतात. ती यादीच प्रमाण मानावी.

३. वॅटचा आकडा जुन्याइतकाच असावा. प्रोसेसर किती उष्णता बाहेर टाकील ह्याचा अंदाज त्यावरून येतो. स्वस्त लॅपटॉपचा पंखा व तांब्याची नळी तेवढ्याच उष्णतेच्या मापाने केलेली असते. उष्णता वाढली की प्रोसेसर स्वतःचा वेग आपोआप कमी करतो, आणि जास्त पैसे देऊन घेतलेला वेग वायाच जातो.

४. आपल्या कामाला तो उपयोगी हवा. टंकलेखन व वाचन ह्यांसाठी चार कोअरची गरज क्वचितच भासते. चित्रफितींचे संपादन करणाऱ्याची गोष्ट निराळी.

एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या पिढीच्या काळातील 'पेंटियम बी९५०' हा २.१ गिगाहर्ट्झचा, दोन कोअरचा व ३५ वॅटचा प्रोसेसर आहे. त्याच्या जागी 'कोअर आय५-२५२०एम' घेतला, तर कोअर दोनच; पण प्रत्येक कोअर एकाच वेळी दोन कामे हाताळतो, वेग २.५ पासून गरजेप्रमाणे ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो, आणि वॅट ३५ च राहतात. 'कोअर आय७-२६३०क्यूएम' मात्र चार कोअरचा असून ४५ वॅटचा आहे. नाव मोठे असले, तरी लहान पंख्याच्या लॅपटॉपला तो बाधण्याचा संभव अधिक. बायॉसची संमती असेल, तर येथे आय५ हीच शहाणपणाची निवड होय.

खर्चाचा क्रम

अर्थशास्त्रात आपण शिकतो की साधने मर्यादित असतात व त्यांचे पर्यायी उपयोग असतात. म्हणून पैसा कोणत्या क्रमाने खर्च करावा हे ठरवणे अगत्याचे आहे. प्रथम पंखा व जाळी साफ करून प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप नवा लावावा. लोणावळ्याच्या दमट हवेत जाळीवरची धूळ घट्ट चिकटून बसते, त्यामुळे आपल्याकडे ह्याची गरज विशेष. त्यानंतर एसएसडी, मग रॅम आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर. ह्या क्रमाचा आणखी एक लाभ असा की, लॅपटॉप पुढे बंद पडला तरी एसएसडी काढून दुसऱ्या यंत्रात वापरता येते. जुन्या सॉकेटचा प्रोसेसर मात्र फारसा कोठे चालत नाही.

आणखी एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर, थोडे अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. सॉकेटचे लॅपटॉप चौथ्या पिढीवरच थांबले. म्हणजे जुन्या लॅपटॉपमध्ये कितीही चांगला प्रोसेसर बसवला, तरी तो ह्या अटीत बसणार नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली घालणे हा चांगला मार्ग आहे. तिच्यात मराठी टंकलेखनाची सोय होते व अभ्यासाची बहुतेक कामे निभावतात.

तात्पर्य, प्रोसेसर बदलणे हा वाईट उपाय नव्हे. पण तो पहिला उपाय क्वचितच असतो. दुकानदाराच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवताना "प्रोसेसर बदला" असे न म्हणता "काम अडते कोठे?" असे विचारावे, आणि त्याआधी टास्क मॅनेजरमधील आकडे स्वतः वहीत टिपून न्यावेत. आपल्या घरच्यांना ह्या यंत्रातले काही कळत नाही. त्यांनी पैसे दिले ते आपल्याला कळते ह्या विश्वासावर. त्या विश्वासाला जागण्यापुरते ज्ञान करून घेणे हे आपले कर्तव्य आहे. ह्या लेखामुळे एखाद्या विद्यार्थिबंधूचे वा भगिनीचे पैसे योग्य ठिकाणी लागले, तर लेखनाचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

— द्वितीय वर्ष कला