आज कोण धरून आहे?

पुण्यातल्या आमच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीला लागून चार फुटी काचेची टाकी आहे. दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर अडीचशे लिटरच्या थोडं वर पाणी मावतं. २००३ साली ती घरात आली तेव्हा मी तिशीत होतो आणि आई साठीला टेकली होती. मधे एकदा काचा बदलल्या, जागा मात्र तीच राहिली. टाकीत आहेत आफ्रिकन सिक्लिड, पूर्व आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका या महाकाय सरोवरांतले मासे. मी त्यांचा अभ्यासक नाही, बावीस वर्षं त्यांच्यासमोर बसलेला माणूस आहे. त्या बसण्यातून हाती आलेलं थोडंफार इथे मांडतो आहे.

१. लोणचं मुरावं तसं पाणीही मुरावं लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण मला धीर नव्हता. टाकी भरली आणि दुसऱ्याच दिवशी आठ मासे आणून सोडले. नवव्या दिवशी एकही उरला नव्हता. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. या माशांना लागतं अल्कधर्मी पाणी, आणि तिथे हा खेळ आणखी कठीण होतो. साधारण २५ अंश तापमानात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शेकडा अर्धा भागच विषारी रूपात असतो, पीएच ८.५ ला तो शेकडा पंधराच्या आसपास जातो. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत होतं आणि मासे त्यात गुदमरत होते. डोळ्यांना दिसतं तेवढंच पाणी नसतं, हे तेव्हा कळलं.

२. वाईट पाणी असं काही नसतं, ज्याचं त्याचं पाणी असतं. आमच्या सोसायटीत बोअरच्या पाण्याला सगळे नावं ठेवत. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळांवर पांढरी पुटं चढतात. खडकवासल्याचं हलकं पाणी मिळावं म्हणून टँकरच्या दिवसांतही लोक भांडले आहेत. मी आधी तेच पाणी भरत होतो, हायपोचे खडे टाकून क्लोरीन घालवत होतो आणि मासे फिकेच राहत होते. मलावी सरोवराचा पीएच साधारण ७.७ ते ८.६, टांगानिकाचा त्याहून वर, ९ च्या घरात. मग मी बोअरचं जड पाणी थोडंथोडं मिसळू लागलो, आणि फिल्टरमध्ये कोकणातून आणलेली कालवांची शिंपली उकळून, धुऊन ठेवली. ती सावकाश विरघळत पाण्याला कॅल्शियम देत राहतात. महिन्याभरात पिवळे मासे हळदीसारखे पिवळे दिसू लागले. सगळी सोसायटी ज्या पाण्याला कंटाळली होती, ते कुणाचं तरी माहेरचं पाणी होतं.

३. ज्याला आपण भांडखोर म्हणतो त्याला बऱ्याचदा पळायला जागा नसते. मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या माशांना तिथल्या टोंगा लोकांच्या भाषेत म्बुना म्हणतात. त्यांतले निळ्या-काळ्या पट्ट्यांचे तीन डेमासोनी मी हौसेने आणले. महिन्यात एक उरला. दुकानातल्या म्हाताऱ्या काकांकडे तक्रार घेऊन गेलो तर ते म्हणाले, ‘‘तीन नकोत, बारा न्या. नाहीतर एकही नको.’’ मला ते व्यापाऱ्याचं बोलणं वाटलं. खरं कारण पुढे उमगलं. तीन असले की सगळा मार एकाच दुबळ्यावर पडतो. बारा असले की तो वाटला जातो. सरोवरात हरलेला मासा दोन हात लांब निघून जातो आणि प्रकरण तिथेच संपतं. माझ्या टाकीत दोन हात लांब म्हणजे काच. मग काळ्या पाषाणाचे दगड आणून पार वरपर्यंत कपारी रचल्या. ते दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवले, कारण हे मासे वाळू उपसतात आणि वरचा दगड खाली येतो. मारामाऱ्या थांबल्या नाहीत, पण जीव जाणं थांबलं.

४. मायेने भरवणं आणि पोट जाणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्बुना दिवसभर खडकांवरचं शेवाळ आणि त्यात अडकलेले बारीक जीव खरवडून खातात. असं रोडकं अन्न पचवायला त्यांचं आतडं लांबच लांब असतं. मी त्यांना रोज रक्तकिडे घालत होतो, कारण ते त्यांच्यावर तुटून पडत आणि मला ते बघायला आवडे. मग एकेकाचं पोट फुगलं, विष्ठेची पांढरी दोरी लोंबू लागली, खाणं सुटलं. या छंदातली माणसं त्याला ब्लोट म्हणतात, आणि तो एकदा दिसला की बहुधा उशीर झालेला असतो. आता स्पिरुलिनाचे दाणे, उकडलेला पालक, तेही थोडंच, आणि आठवड्यातला एक दिवस काहीच नाही. त्या दिवशी ते काचेशी येऊन माझ्याकडे बघत राहतात. बावीस वर्षांनीही तो दिवस मला सोपा जात नाही.

५. बघायला फुरसत लागते आणि ती माझ्यापेक्षा आईकडे जास्त होती. दुपारची जेवणं आटपली की ती टाकीसमोर खुर्ची ओढून बसायची. एकदा मी ऑफिसातून आलो तर म्हणाली, ‘‘अरे, ही पिवळी चार दिवस जेवलेली नाही. हिचा उपास आहे का?’’ मी म्हटलं, बुजली असेल. ‘‘बुजलेली नाही. तोंडात काहीतरी धरून आहे ती.’’ मी वाकून पाहिलं. गळ्याखाली फुगवटा, जबडा मिटलेला आणि मधूनच तोंडात काहीतरी हळुवार घोळवल्याची हालचाल. ती अंडी होती. मलावीतल्या बहुतेक सिक्लिडांच्या माद्या अंडी घातल्याघातल्या तोंडात घेतात. पिल्लं पोहायला लागेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, ती तोंडातच वाढवतात आणि तेवढे दिवस बहुतेक काही खात नाहीत. मी पाण्याचे आकडे वहीत उतरवत होतो, आणि चतुर्थी-एकादशी करणाऱ्या माझ्या आईने दुसरीचा उपास ओळखला. तेव्हापासून आमच्या घरात एक रीत सुरू झाली. संध्याकाळी चहाबरोबर आई विचारी नाही, सांगे : आज अमकी धरून आहे.

६. हात घालता येतो म्हणून घालायचा नसतो. पंधराव्या दिवशी मादी पकडायची, ओल्या हातात धरायची, काडीने खालचा जबडा अलगद उघडायचा आणि पिल्लं भांड्यात झटकायची. अशी पद्धत आहे, आणि तिने जास्त पिल्लं हाती लागतात हे खरं आहे. दुर्मीळ जात टिकवायची असेल तर तिला अर्थही आहे. मी मात्र ते आकड्यासाठी केलं. सतरा पिल्लं निघाली. मादी परत सोडली तर भुकेने खंगलेल्या तिला बाकीच्यांनी कोपऱ्यात गाठलं आणि सकाळी ती तरंगत होती. आई काही बोलली नाही, पण त्या दुपारी टाकीसमोर बसली नाही. आता मी धरून असलेल्या मादीला आहे तिथेच राहू देतो. ती आपली वेळ आणि आपली कपार निवडून पिल्लं सोडते. विसातली दोन-तीन जगतात, आणि ती खरोखर त्या टाकीची असतात.

७. घर कसं लावायचं हे राहणाऱ्याला ठरवू द्यावं. दोन फुटी दुसरी टाकी मी टांगानिकाच्या शंखवासी माशांसाठी लावली. मल्टिफॅसिएटस म्हणजे जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढे मासे. सरोवराच्या तळाशी साचलेल्या गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत त्यांची वस्ती असते. मी किनाऱ्यावरून आणलेले शंख सुबक मांडणी करून ठेवले. सकाळी मांडणी मोडलेली होती. तोंडाने वाळूचा एकेक घास उचलून त्यांनी शंख पुरले होते, हवी तेवढीच तोंडं उघडी ठेवली होती आणि काचेच्या एका बाजूला वाळूची टेकडी केली होती. मी पुन्हा सारखं केलं, त्यांनी पुन्हा मोडलं. तिसऱ्यांदा मी हात मागे घेतला. आज तिथे नवी-जुनी पिल्लं एकत्र वाढतात आणि मी कधी पाहिली नसती अशी वस्ती मला घरबसल्या पाहायला मिळते.

८. काचेतलं सरोवर विजेच्या तारेला टांगलेलं असतं. २००५ च्या सुमारास भारनियमन होतं. एका मे महिन्यात काही तास वीज गेली. वीज आल्यावर फिल्टर आपोआप सुरू झाला म्हणून मी निश्चिंत झोपलो. बंद डब्यात प्राणवायूवाचून जिवाणू मेले होते आणि ते कुजकं पाणी फिल्टरने टाकीत ओतलं. सकाळी मी पाच मोठे मासे बाहेर काढले. तेव्हापासून बॅटरीवरचा हवापंप टाकीखालीच असतो. वीज बराच वेळ गेली तर फिल्टर उघडून धुतल्याशिवाय मी चालू करत नाही. उन्हाळ्यात झाकण काढून पाण्यावर लहान पंखा सोडतो; बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. माठाचं तत्त्व तेच.

९. देताना नाव खरं सांगावं. सिक्लिडांच्या जवळच्या जातींचा एकमेकांशी सहज संकर होतो, आणि पीकॉक नावाच्या गटातल्या माद्या तर सगळ्या सारख्याच करड्या दिसतात. मी दोन जाती एकत्र ठेवल्या आणि त्यांची पिल्लं आळीतल्या एका मुलाला शुद्ध जातीची म्हणून दिली. सहा-सात महिन्यांनी रंग फुटला तो दोन्हींपैकी कुणाचाच नव्हता. मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं, माझी चूक झाली, ही पिल्लं पुढे कुणाला देऊ नकोस. एवढं मनाला का लावून घ्यायचं? व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला आणि १९८० च्या दशकात तिथल्या छोट्या सिक्लिडांच्या शेकडो जाती घटल्या किंवा नाहीशा झाल्या. त्यांतल्या काही आज मत्स्यालयांमधून आणि छंदिष्टांच्या टाक्यांमधून सांभाळल्या जातात. ज्या माशाचं घर हरवलं आहे, त्याचं नावही आपल्या हातून हरवू नये.

१०. नको झालेला मासा तळ्यात सोडणं ही दया नव्हे. दोन दांडगे नर बादलीत घालून मीही एकदा पाषाण तलावाच्या वाटेला लागलो होतो. वाटेत मंडई लागली आणि कोळणीच्या पाटीत चिलापी दिसली. चिलापी म्हणजे तिलापिया, आफ्रिकन सिक्लिडच. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली. आज उजनीपासून कितीतरी धरणांत आणि नद्यांत ती पसरली आहे आणि मूळच्या माशांच्या वाट्याचं खाणं, अंडी घालायच्या जागा तिने व्यापल्या आहेत. बादली घेऊन मी घरी परतलो. त्या रात्री आईला सांगितलं की आपल्याकडेही मूळचे सिक्लिड आहेत, तुझ्या आजोळचा, गोव्याचा काळुंदर हा त्यांतलाच. ती बराच वेळ टाकीकडे बघत होती. मग म्हणाली, ‘‘म्हणजे हे काळुंदराचे भाऊबंद. तरीच.’’ तरीच काय, ते तिने सांगितलं नाही.

११. जे सांगावं लागतं, तेच आपण नीट बघतो. आई आता ब्याऐंशीची आहे. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. टाकीतला उजेड कळतो, मासे कळत नाहीत. तरी दुपारी खुर्ची तिथेच असते, फिल्टरच्या आवाजाजवळ. संध्याकाळी मी चहा ठेवतो आणि आता तीच विचारते, ‘‘आज कोण धरून आहे?’’ सुरुवातीला मी स्वयंपाकघरातूनच म्हणायचो, ‘‘कोणी नाही ग.’’ एकदा ती म्हणाली, ‘‘बघून सांगितलंस का?’’ मी गॅस बारीक केला, टाकीपाशी येऊन बसलो. दहा मिनिटं काही दिसलं नाही. मग डाव्या बाजूच्या दगडामागे, सावलीत, एक छोटी पिवळी दिसली. गळा किंचित भरलेला, तोंड मिटलेलं. पहिल्यांदाच धरलेलं असावं. मी आईला ती कुठे आहे, केवढी आहे, तोंड कसं हलवते आहे ते सगळं सांगितलं. चहा उतू गेला होता. आईने विचारलं, ‘‘कितवा दिवस असेल?’’ मला सांगता आलं नाही. तेव्हापासून मी रोज आधी बघतो, मग चहा ठेवतो.