रक्तदान आणि ‘हिपॅटायटिस ई’ची कावीळ

रक्ताची पिशवी वॉर्डात पोहोचली की रुग्णाचे नातेवाईक हमखास विचारतात, ‘रक्त तपासलेले आहे ना?’ उत्तर ‘होय’ असेच आहे. परंतु त्या ‘होय’ची मर्यादा आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांना ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते. आपल्या देशात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एच.आय.व्ही., हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच रोगांसाठी तपासणी बंधनकारक आहे. हिपॅटायटिस ई या यादीत नाही.

हा आजार आपल्याकडे मुख्यतः दूषित पाण्यातून पसरतो. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ए असावी, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांसमवेत जतन केलेले रक्तनमुने पुन्हा तपासले. ही कावीळ ‘ए’ही नव्हे आणि ‘बी’ही नव्हे, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधील साथीवरून असाच निष्कर्ष मांडला.

पाण्यातला विषाणू रक्ताच्या पिशवीत कसा येतो? संसर्गानंतर कावीळ दिसण्यास दोन ते दहा आठवडे लागतात, आणि त्यापूर्वीच विषाणू काही काळ रक्तात फिरत असतो. बहुसंख्य लोकांना तर कावीळ होतच नाही. असा मनुष्य स्वतःला ठणठणीत समजून शिबिरात येतो, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसतो. रक्तातून हा आजार संक्रमित होऊ शकतो, असे काश्मीरमधील २००४ च्या अभ्यासात दिसून आले. इंग्लंडमध्ये २,२५,००० रक्तदानांची तपासणी झाली, तेव्हा ७९ दात्यांच्या रक्तात विषाणू सापडला. ते रक्त मिळालेल्यांपैकी ४३ जणांचा पाठपुरावा करता आला. त्यांतील १८ जणांना संसर्ग झाला होता. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे आयर्लंड, ब्रिटन, नेदरलँड्स, जर्मनी व जपान या देशांनी रक्तदात्यांची ही तपासणी सुरू केली.

मग आपणही ती का करू नये, असे एका देणगीदारांनी आम्हांस विचारले. प्रश्न रास्त आहे. मात्र तिकडील विषाणूचा प्रकार बहुतांशी डुकराच्या मांसातून येणारा आहे, आणि अवयव-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत तो दीर्घकाळ ठाण मांडू शकतो. आपल्याकडे माणसांत आढळणारा प्रकार मुख्यतः पाण्यातून येतो व बहुतेकांत आपोआप बरा होतो. अपवाद आहे तो गर्भवतींचा. शेवटच्या तिमाहीत हा संसर्ग झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. रक्तक्षयामुळे ज्यांना रक्त द्यावे लागते, त्यांतही गर्भवती पुष्कळ असतात. यकृताचा जुना आजार असलेल्यांनाही धोका अधिक आहे. सरसकट तपासणी महाग आहे. तीच रक्कम निर्धोक पाणी व गर्भवतींच्या लोहगोळ्या यांवर खर्च झाल्यास अधिक जीव वाचतील, असे आमचे मत आहे. वेळीच लोह मिळालेल्या अनेक मातांना रक्ताची पिशवी लागतच नाही. पुढे तपासणी स्वस्त झाली, तर प्रत्यारोपणाच्या व गर्भवती रुग्णांपासून आरंभ करावा.

तोपर्यंत आमचा भरवसा दात्याच्या खऱ्या उत्तरावर आहे, आणि अडचण नेमकी तिथेच येते. स्वेच्छेने येणारा दाता सहसा काही लपवीत नाही. पण भावाचे ऑपरेशन उद्यावर आले आहे, ‘रक्ताची सोय करा’ असे सांगितले गेले आहे, अशा वेळी चार महिन्यांपूर्वीची कावीळ सांगायला जीभ कचरते. आपल्या गावांत कावीळ झाली की अजूनही माळ घालतात, ‘उतरवून’ घेतात. डॉक्टरांचा कागद नसतो आणि कावीळ कोणती होती, हे कोणालाच ठाऊक नसते. हिपॅटायटिस ए किंवा ई झाल्याचे निश्चित असेल, तर बारा महिने रक्तदान करता येत नाही. काविळीचे कारणच अज्ञात असेल, तर कायमचेच थांबावे लागते. म्हणून कावीळ झाल्यास रक्ततपासणी करून तो कागद जपून ठेवावा. प्रश्नावली भरताना घरातील काविळीचाही उल्लेख करावा. ‘नाही’ म्हणून परत जाणारा दाता आमच्या लेखी कमी मोलाचा नाही, आणि तो परत गेला म्हणून त्याच्या रुग्णाचे रक्त अडवले जाऊ नये, असा आमचा आग्रह आहे.

रक्तदानानंतर काही दिवसांत कावीळ, गडद लघवी, मळमळ जाणवल्यास दात्याने संकोच न करता रक्तपेढीस त्वरित कळवावे. एका दानातून तयार झालेल्या प्लेटलेट्स पाच दिवसांत वापरल्या जातात. तांबड्या पेशी मात्र ३५ ते ४२ दिवस आणि गोठविलेला रक्तद्रव एक वर्षपर्यंत शिल्लक असू शकतो. वेळेवर निरोप मिळाला, तर त्या पिशव्या बाजूला काढता येतात. तसेच रक्त घेतल्यावर दहा आठवड्यांच्या आत रुग्णास कावीळ झाल्यास नातेवाइकांनी पिशवीचा क्रमांक असलेला कागद घेऊन यावे. त्या क्रमांकावरून दात्याचा आणि त्याच दानाच्या इतर पिशव्यांचा शोध घेता येतो.