जर्मनीत शिकावयास जाताना : एक वर्ष आधीची तयारी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला व लंडनला शिकले हे आपल्या वस्तीतले लहान मूलही सांगेल. परंतु 1921 साली त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदविले होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्यासाठी लागणारी जर्मन भाषा त्यांनी आधीच शिकून घेतली होती. बॉनचा अभ्यास पुरा झाला नाही. हजेरी नसल्याने 1922 च्या जानेवारीत त्यांचे नाव पटावरून कमी झाले. पण दार त्यांनी ठोठावले होते. आज आपल्या संस्थेतील काही मुले-मुली जर्मनीची चौकशी करीत माझ्याकडे येतात. त्यातील बहुतेकांचा पहिला प्रश्न, "तिथे फी नसते हे खरे का?" असा असतो. म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

खरे आहे, पण सर्वत्र नाही. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क घेत नाहीत, फक्त सत्राची वर्गणी भरावी लागते. मात्र बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना 2017 च्या हिवाळी सत्रापासून दर सत्रास 1500 युरो द्यावे लागतात. हायडेलबर्ग याच राज्यात आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही 2024 च्या हिवाळी सत्रापासून आपल्यासारख्यांना फी लावली आहे. ऑस्ट्रियात भाषा तीच असली तरी फीचे नियम वेगळे आहेत. स्वित्झर्लंड तर राहण्याखाण्यालाच महाग.

फी नाही म्हणजे खर्च नाही, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. माझी नोकरी बँकेत, त्यामुळे पुढील हिशेब जरा सविस्तर सांगतो. व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावाने एक 'बंद खाते' उघडून त्यात वर्षभराचा खर्च आगाऊ भरावा लागतो. सप्टेंबर 2024 मध्ये ही रक्कम 11,904 युरो ठरविण्यात आली. युरो शंभर रुपयांचा धरला तर सुमारे बारा लाख रुपये होतात. हा आकडा ऐकून पालक घाबरतात. पण ही फी नव्हे, आपलेच पैसे आहेत. मुलगा तेथे पोहोचला की दरमहा 992 युरो त्याच्या हाती पडतात. त्यातूनच घरभाडे, जेवण आणि सक्तीचा आरोग्यविमा भागवायचा. सत्र चालू असताना काम करून कमावता येते. मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. परंतु पहिले सहा महिने कामाच्या भरवशावर राहू नये. भाषा येत नसेल तर काम भांडी घासण्याचेच मिळते, आणि थकून वर्गात झोप येते ती वेगळीच.

बारा लाख कोठून आणायचे? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. दोन्हींत कुटुंबाच्या उत्पन्नाची व वयाची अट असते. जागतिक क्रमवारीत विद्यापीठ कितवे आहे, हेही पाहतात. येथेच आपली मुले फसतात. विद्यापीठ आधी निवडतात, आणि ते यादीत नाही हे नंतर कळते. जर्मनीत 'होखशूल' नावाच्या, प्रत्यक्ष कामाचे शिक्षण देणाऱ्या उत्तम संस्था आहेत, पण त्या अशा क्रमवारीत सहसा नसतात. तेव्हा शिष्यवृत्तीवर जायचे असेल तर त्या वर्षीची जाहिरात आधी वाचावी, विद्यापीठ नंतर ठरवावे. दुसरी अडचण वेळेची. शिष्यवृत्तीचा निकाल आणि व्हिसाची तारीख एकमेकांची वाट पाहत नाहीत. म्हणून शैक्षणिक कर्जाचा अर्जही बरोबरीनेच तयार ठेवावा. कर्जाची रक्कम साडेसात लाखांवर गेली की बँका सामान्यतः तारण मागतात. ज्याच्या घरी तारणाला घर किंवा जमीन नाही, त्याने शिष्यवृत्तीच्या कागदांत एक दिवसही उशीर करू नये.

आता कागदपत्रांविषयी. एवढ्या एका कारणाने आमच्या नात्यातील एका हुशार मुलाचे वर्ष गेले. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव 'बाबू', पदवीवर 'बाबुराव', आणि पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी. आपल्या समाजात धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी आडनावे बदलली. आजोबांच्या दाखल्यावर एक आणि नातवाच्या दाखल्यावर दुसरे, हे घरोघरी आढळते. राजपत्रात नाव बदलल्याची प्रत शोधून ठेवावी. दहावी, बारावी, पदवी, पासपोर्ट आणि जातीचा दाखला हे पाच कागद एका टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्यामुळे केंद्राच्या योजनेसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, हेही ध्यानात असू द्यावे. त्या मुलाला कॉलेजने गुणपत्रक दुरुस्त करून देण्यास चार महिने लावले. तोवर अर्जाची तारीख निघून गेली.

1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी 'ए.पी.एस.' या कार्यालयाकडून शैक्षणिक कागदपत्रे तपासून प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याला आठवडे लागतात. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि बऱ्याच ठिकाणी अर्जाची अखेरची तारीख 15 जुलै असते. म्हणजे हे प्रमाणपत्र वर्षाच्या सुरुवातीलाच हाती हवे. नुसत्या बारावीवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही. येथे पदवीचे एक वर्ष उत्तीर्ण व्हावे लागते किंवा तेथे 'श्टुडिएनकोलेग' हा पूर्वतयारीचा वर्ग करावा लागतो. एम.ए., एम.एस्सी.साठी पदवी झाल्यावर जाणे त्यामानाने सरळ.

गुणांचे गणित तिकडे उलटे आहे. 1 सर्वांत चांगला, 4 म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. आपले गुण पुढीलप्रमाणे बदलतात. समजा कमाल 100, उत्तीर्णतेस 40, आणि विद्यार्थ्यास 70. शंभरातून 70 वजा करा, उरले 30. शंभरातून 40 वजा करा, उरले 60. 30 भागिले 60 म्हणजे अर्धा. त्याची तिप्पट दीड, अधिक एक, झाले 2.5. अनेक अभ्यासक्रमांना 2.5 किंवा त्याहून चांगले गुण हवे असतात. आपण कोठे बसतो ते अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वीच कळते.

भाषेबद्दल मला विशेष बोलावेसे वाटते. इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रम पुष्कळ आहेत, पण घरमालक आणि भाजीवाला इंग्रजीतून चालत नाहीत. जर्मन माध्यमातून शिकायचे असल्यास 'डी.एस.एच.' किंवा 'टेस्टडाफ' अशी परीक्षा द्यावी लागते. आमच्या मुलांना इंग्रजीचा न्यूनगंड असतो. जर्मनसमोर मात्र इंग्रजी शाळेतला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतला मुलगा एकाच रेषेवर उभे राहतात. उलट मराठी मुलाला एक गोष्ट सोपी जाते. जर्मनीतही आपल्यासारखी तीन लिंगे आहेत, तो, ती आणि ते. त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी! आपण 'ते पोर' म्हणतोच की. शब्दही आपल्या समासासारखे जोडलेले. 'क्रांकेनफरझिशेरुंग' पाहून दचकू नये, आजारी आणि विमा हे दोन शब्द वेगळे केले की आरोग्यविमा निघतो.

पुणे व मुंबई येथील जर्मन शिकविणाऱ्या गोएथे संस्थेला आपल्याकडे मॅक्सम्युलर भवन म्हणतात. मॅक्सम्युलर हे जर्मन पंडित. त्यांनी केलेले धम्मपदाचे इंग्रजी भाषांतर 1881 साली पूर्वेकडील धर्मग्रंथांच्या प्रसिद्ध मालेत निघाले. भारतात ते कधीच आले नाहीत. धम्मपद आपल्या घरात असते, आता त्याच्या भाषांतरकाराची भाषा शिकावी. तेथील शुल्क जड वाटल्यास विद्यापीठांच्या परकीय भाषा विभागांतील वर्गांची चौकशी करावी.

पाच कागद ताडून पाहण्याचे काम ज्यांना एकट्याने जमणार नाही, त्यांनी रविवारी बुद्धवंदनेनंतर विहारात थांबावे. मूळ प्रती आणि चष्मा लागत असेल तर तोही बरोबर आणावा. पालकांनी स्वतः यावे, कारण आडनाव केव्हा व कसे बदलले हे त्यांनाच ठाऊक असते.