भावंडांची देवघेव

आजच्या पाठाचा विषय वाचून कित्येक वाचकांस हसू येईल. गोट्या, चिंचोके, गुंजा, मोरपिसे आणि फुटक्या बांगड्यांच्या काचा यांची घरातल्या घरात जी अदलाबदल चालते, तिच्यात शिकण्याजोगे ते काय, असे विचारणारे शहाणे गृहस्थ प्रत्येक गावात असतात. त्यांस आमची इतकीच विनंती आहे की, वैशाखातील एखाद्या दुपारी, जेव्हा गिरणेच्या किंवा पांझरेच्या काठच्या गावात घराबाहेर पाऊल टाकवत नाही आणि आजोळी जमलेली मामेभावंडे व मावसभावंडे ओसरीवर आपापले डबे उघडून बसतात, तेव्हा त्यांनी घटकाभर न बोलता जवळ बसून पाहावे. कोण काय दाखवतो व काय मुठीत झाकून ठेवतो, कोण विचार करण्यासाठी पाठ फिरवून बसतो, आणि सौदा ठरला म्हणजे दोघांच्याही तोंडावर एकाच वेळी कसा आनंद उमटतो, हे त्यांच्या दृष्टीस पडेल.

हा दोघांचा एकाच वेळचा आनंद हीच यातील नवलाची गोष्ट होय. खेळात एक जिंकला म्हणजे दुसरा हरतो. वाटणीत एकाकडे अधिक गेले तर दुसऱ्यास उणे पडते. देवघेवीचे तसे नाही. थोरल्यापाशी तीन मोरपिसे आहेत, पण भोवरा नाही. धाकट्यापाशी दोन भोवरे आहेत, पण पीस एकही नाही. एका भोवऱ्यास एक पीस अशी बदल झाली. घरात वस्तू होत्या तितक्याच राहिल्या, एक पैसाही खर्चला नाही. तरी दोघेही आपण अधिक श्रीमंत झालो असे मानतात, आणि ते खोटे नव्हे. ज्याच्यापाशी तीन पिसे आहेत त्यास तिसऱ्याचे मोल थोडे. ज्याच्यापाशी एकही नाही त्यास पहिल्याचे मोल फार. स्कॉटलंडातील पंडित अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात या स्वभावाविषयी लिहिले आहे. हाडाबद्दल हाड देण्याचा सौदा कुत्र्यांस ठाऊक नाही, तो मनुष्यासच सुचतो, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. मोठमोठ्या पेढ्यांचा व्यापार ज्या मुळावर उभा आहे, ते मूळ आमच्या ओसरीवर चिंचोक्यांच्या रूपाने रुजलेले असते.

मुले ही विद्या कोठे शिकतात? बहुधा आईच्या पदराशी. बोहारीण दारात आली म्हणजे आई जुनेर बाहेर काढते, बोहारीण लुगड्याचा काठ उलटासुलटा करून नाक मुरडते, आई पातेले बोटाने वाजवून त्याच्या पातळ पत्र्यास नावे ठेवते, आणि एक जुने धोतर वर टाकून व्यवहार पुरा होतो. मुले हे सर्व डोळे विस्फारून पाहत असतात. पूर्वी पसाभर दादर दुकानदाराच्या मापात ओतून गूळ किंवा फुटाणे आणणे, हेही मुलांचेच काम असे. त्याहून वेगळी रीत बलुत्याची. सुताराने वर्षभर औत नीट करावे आणि खळ्यावर रास पडली म्हणजे आपला वाटा न्यावा; प्रत्येक खेपेचा हिशेब कोणी मांडीत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गांव-गाडा’ या १९१५ सालच्या पुस्तकात या रीतीचे गुणदोष विस्ताराने सांगितले आहेत. जिज्ञासूंनी ते अवश्य पाहावे.

घरातील देवघेव ही या दोहोंच्या मधली आहे. तिच्यात बोहारणीच्या सौद्याची घासाघीस आहे. परंतु बोहारीण उद्या दुसऱ्या गावास जाईल आणि भाऊ जाणार नाही. ज्याच्याशी दुपारी घासाघीस केली, त्याच्याच ताटाला ताट लावून रात्री भाकरी खावयाची आहे. म्हणून येथे फसवणूक टिकत नाही. एका दुपारी जो फसला तो दुसऱ्या दुपारी डबाच उघडीत नाही, आणि मग फसवणाऱ्याची सगळी संपत्ती त्याच्यापाशीच पडून राहते. हा धडा कोणी न शिकवता मुलांस कळतो. कित्येक घरांत मुलांनी आपसांत असेही ठरवलेले असते की, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सौदा मोडण्याची मुभा असावी. मोठ्यांच्या व्यवहारात ही सोय असती तर बरे झाले असते.

आता या ठेव्यांकडे थोडे पाहू. काही वस्तूंचे मोल त्यांच्या रूपात असते. गुंज तशी आहे: तांबडी, टोकास काळी, गुळगुळीत. सोनाराच्या जुन्या मापात आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा होत असे, आणि जळगावच्या सराफ्याची कीर्ती दूरवर असल्याने आमच्याकडील मुलांस गुंजेत सोन्याचा भास व्हावा हे साहजिकच आहे. (येथे आयांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गुंजेचे बी विषारी असते, व चावून पोटात गेले तर जिवावर बेतते. रांगत्या मुलाच्या हाती ती लागू देऊ नये.) काही वस्तूंचे मोल मात्र त्यांच्या गोष्टीत असते. आजीच्या ट्रंकेतील भोकाचा पैसा घ्या. महायुद्धात धातूची टंचाई पडली म्हणून सरकारने १९४३ सालापासून मधोमध मोठे भोक असलेला पैसा पाडला. १९४७ पर्यंत तो निघत होता. असे चौसष्ट पैसे मिळून एक रुपया होई. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर भाग झाले आणि हा जुना हिशेब मोडला. आज किराणा दुकानदार तो पैसा हातातही धरणार नाही. परंतु आजीने तो नातवास देताना, याच पैशाला तेव्हा काय मिळत असे, तो दोऱ्यात ओवून कमरेला कसा बांधीत, हे सांगितले, की तो पैसा भावंडांत सर्वांत महाग होतो. पुढे तो दोन भोवऱ्यांस बदलला गेला तरी गोष्ट त्याच्याबरोबर जाते. घेणारा ती विचारल्याशिवाय तो घेतच नाही.

ही गोष्ट केवळ मुलांची नव्हे. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेस ट्रोब्रिअंड नावाची बेटे आहेत. तेथील लोक होड्यांतून खुल्या समुद्रावर जाऊन एकमेकांस शिंपल्यांच्या माळा व शंखांची कडी देत असतात. माळा एका दिशेने फिरतात, कडी उलट दिशेने. कोणी त्या कायमच्या ठेवीत नाही, आणि पोटापाण्याच्या दृष्टीने त्यांचा उपयोग जवळजवळ काहीच नाही. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या विद्वानाने तेथे राहून १९२२ साली हा प्रकार जगापुढे मांडला. प्रत्येक कड्यास नाव असते, ते कोणाकोणाच्या हातून गेले याचा इतिहास असतो, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांचे नाते जन्मभर टिकते. आमच्याकडे दोन जावा एकमेकींच्या साड्या बदलून नेसतात. बहीण बहिणीकडे कैरीचे लोणचे पाठवते व त्याच बरणीतून कुरडया परत येतात. नव्या शेंगांचा वानवळा घरोघर जातो. रिकामी बरणी परत करू नये ही जी आमच्या बायकांची रीत आहे, तिच्यात त्या बेटांवरील लोकांस नवल वाटण्याजोगे काही आढळणार नाही.

तथापि काही मुले बदल करण्यास राजीच होत नाहीत. त्यांस आपण कंजूष म्हणतो, आणि हे आम्हांस पसंत नाही. कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ जॅक नेच यांनी १९८९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही विद्यार्थ्यांस एक एक पेला दिला व काहींस चॉकलेट दिले. मग ज्यास हवे त्याने बदलून घ्यावे असे सांगितले. दोन्ही गटांत दहांतील सुमारे नऊ जणांनी हाती आले तेच ठेवले. वस्तू क्षणभर आपली झाली की तिचे मोल मनात वाढते. मोठ्या विद्यार्थ्यांचीही हीच गत. तेव्हा सहा वर्षांचे मूल आपली फुटकी गारगोटी छातीशी धरून बसले तर ते स्वभावाने वाईट ठरत नाही. नाही म्हणण्याचा त्यास हक्क आहे. किंबहुना, ज्या सौद्यात नाही म्हणता येत नाही तो सौदाच नव्हे.

या पाठातील अवघड भाग येथून पुढे आहे, व आमच्या शिक्षकबंधूंनी तो सावकाश वाचावा.

उत्पत्तीच्या पुस्तकात घरातल्या घरात झालेले दोन सौदे आपणां सर्वांस ठाऊक आहेत. पहिला पंचविसाव्या अध्यायात आहे. एसाव रानातून थकून भुकेला आला, आणि याकोबाने भाकर व मसुरीचे वरण देऊन त्याचा ज्येष्ठपणाचा हक्क घेतला. या गोष्टीवर बोलताना आपण नेहमी एसावास दोष देतो, की त्याने आपला हक्क तुच्छ मानला. ते खरेच आहे. परंतु भुकेल्या भावास वरण वाढण्यापूर्वी किंमत सांगणाऱ्या याकोबाविषयी आपण फार थोडे बोलतो. दुसरा सौदा तिसाव्या अध्यायात आहे. गव्हाच्या हंगामात रऊबेनास शेतात पुत्रदात्रीची फळे सापडली व ती त्याने आपली आई लेआ हिला आणून दिली. राहेलीने ती मागितली. दोघी बहिणींच्या मनात जुना सल होता. कडू शब्द बोलले गेले, आणि फळांच्या बदल्यात नवऱ्याची एक रात्र ठरली. येथे आम्हांस त्या मुलाविषयी विचारावेसे वाटते. फळे शोधली त्याने. एवढ्या हौसेने ती घरी आणली त्याने. आणि मोठ्या माणसांनी आपल्या भांडणात त्यांचा सौदा केला तेव्हा त्यास कोणी काही विचारल्याचा उल्लेख नाही. आपल्या घरांतही पाहुण्यांचे मूल रडू लागले की आपण आपल्या मुलाचा भोवरा न विचारता देऊन टाकतो, व त्यास उदारपणा म्हणतो. तो आपला उदारपणा असेल, मुलाचा नव्हे.

दोन्ही ठिकाणी वस्तूत दोष नव्हता. एक बाजू अडलेली होती व दुसरीस ते ठाऊक होते, म्हणून सौदा कडू झाला. आमच्या घरांत अशी अडलेली बाजू बहुतेक वेळा मुलीची असते. भावाच्या डब्यात गोट्या, भोवरे, पतंगाचा मांजा, काड्यापेट्यांचे छाप. बहिणीच्या हाती पाच सागरगोटे, आणि तेही धाकट्यास रडताना खेळावयास द्यावयाचे. तिने काही मागितले की तू मोठी आहेस, तू सोड, असे सांगतात. ती धाकटी असली तर तो मोठा आहे, त्याला दे, असे सांगतात. मोठे असो वा धाकटे, सोडणे तिच्याच वाट्यास येते.

हीच मुलगी पुढे सासरी जाते. आखाजीस ती माहेरी येते. खानदेशात या सणाएवढी माहेरची ओढ दुसऱ्या कशाची नाही. निंबाच्या फांदीस झोका बांधलेला असतो, घरात रस-पोळी असते. वडील वारल्यावर अशाच एखाद्या येण्यात भाऊ तिच्यापुढे कागद ठेवतो. त्याचे नाव हक्कसोडपत्र. शेतजमिनीतील आपला हिस्सा आपण भावाच्या लाभात सोडीत आहोत, असे त्यात लिहिलेले असते, आणि बहुधा एक शब्द असतो: विनामोबदला. परंतु घरातील प्रत्येक माणसास ठाऊक असते की मोबदला आहे. दर आखाजीची साडीचोळी, भावाच्या दारात पाऊल टाकण्याचा हक्क, आणि उद्या वाईट दिवस आले तर परत येण्यास जागा, हा तो मोबदला. तो कागदावर लिहिलेला नसल्यामुळे पुढे तो मागताही येत नाही.

कायदा या बाबतीत मुलीच्या विरुद्ध नाही. भारतीय ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १९२५ च्या वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा आहे. हिंदू कुटुंबांतील मुलीस १९५६ च्या कायद्याने बापाचा वारसा मिळाला, व २००५ च्या दुरुस्तीने ती वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार ठरली. हक्कसोडपत्र लिहून देणे बेकायदेशीर नाही. एखादी बहीण खरोखर आनंदाने लिहून देते, व तो तिचा मोठेपणा आहे. परंतु तिला नाही म्हणता येत होते काय, हे पाहिल्यावाचून त्यास आनंदाची देणगी म्हणता येणार नाही. शिक्षकबंधूंनी अशा प्रसंगी साक्षीदार म्हणून सही करण्यास बोलावणे आले, तर कागद बहिणीस मोठ्याने वाचून दाखवावा, आणि तिला एक रात्र विचारास द्यावी. दुय्यम निबंधकाची कचेरी उद्याही उघडी असते.

नाही म्हणण्याची सवय मात्र त्या दिवशी एकाएकी येत नाही. ती ओसरीवर लागते. म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक मुलीस तिचा स्वतःचा डबा असावा, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा असला तरी पुरे. त्यात काय आहे हे तिला न विचारता कोणी पाहू नये, आईनेही नाही. भाऊ बदल मागावयास आला आणि ती नको म्हणाली, तर आईने मध्ये पडून तिची समजूत घालू नये. भावास सांगावे की, उद्या पुन्हा विचार, आणि येताना याहून बरी काही वस्तू घेऊन ये.