आजी घरीच बाळंत झाली, मग मला दवाखाना कशाला?

प्रश्न : मला सातवा महिना आहे, पहिलीच वेळ. आजी म्हणते, "आमच्या टायमाले कोठी होते दवाखाने? सहाही लेकरं घरीच झाले, दाईच्या हातानं." मोबाईलवर परदेशातल्या बायकाही मजेत घरी बाळंत होताना दिसतात. दवाखान्यात गेले की सिझर, ही धास्ती वेगळीच. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग घरीच बाळंतपण केले तर काय बिघडले?
– एक भगिनी, अमरावती

उत्तर : तुमच्या एका प्रश्नात आजी, परदेश आणि सिझर अशा तीन गाठी आहेत. एकेक सोडवू. आधी कायद्याचे उरकून घेऊ. घरी बाळंत होणे हा गुन्हा नाही. जन्माची नोंद मात्र 21 दिवसांच्या आत करायची असते.

आजी खरेच सांगते. फक्त एक लक्षात घ्या, ज्या सुखरूप सुटल्या त्याच आज गोष्ट सांगायला आहेत. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, ही म्हण त्याच काळातली आणि ती उगीच पडलेली नाही. 2018-20च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातांचे मृत्यू झाले, देशात 97. आजीच्या तरुणपणी हा आकडा कितीतरी मोठा होता.

आता दाई. बाळ पायाळू आहे की काय, हे नुसते पोट चाचपून ओळखणाऱ्या दाया होत्या. त्यांच्या हाताला गुण होता, पण त्या हातात बीपीचे यंत्र नव्हते आणि रक्तस्राव थांबवणारे औषधही नव्हते. मोबाईलवर दिसणारी परदेशी मिडवाइफ ही वेगळी बाई. ती काही वर्षे रीतसर शिकलेली, सरकारदरबारी नोंदलेली असते. तिच्याजवळ औषधे असतात आणि गरज पडली तर दवाखान्यात हलवायची सोय आधीच ठरलेली असते. आपल्याकडे केंद्र सरकारने 2018 साली मिडवाइफरीचे धोरण आणले, त्यात नर्सना 18 महिन्यांचे खास प्रशिक्षण आहे. पण या नर्सनी काम करायचे ते दवाखान्यातल्या प्रसूती कक्षात, घरोघरी जाऊन नव्हे.

परदेशातही चित्र सरसकट गुलाबी नाही. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या सुमारे 64 हजार बाळंतपणांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांच्या बाळांना घरी जास्त धोका आढळला नाही. पहिलटकरणींचे तसे नव्हते. बाळ दगावण्याचे किंवा त्याला गंभीर इजा होण्याचे प्रमाण दवाखान्यात हजारी पाच, तर घरी ठरवलेल्या बाळंतपणांत हजारी नऊ होते. घरी सुरुवात केलेल्या दर शंभर पहिलटकरणींपैकी 45 जणींना शेवटी दवाखान्यात हलवावे लागले. तुम्हीही पहिलटकरीणच.

"पण रिपोर्ट नॉर्मल आहेत ना?" हो, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र रिपोर्ट आजवरचे सांगतो, पुढच्या तासाचे नाही. दिवस भरले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असते. वार पडली की गर्भाशय आवळते आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या त्या आवळण्यानेच दाबून बंद होतात. म्हणून अनुभवी सिस्टर बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून बसते. बेंबीखाली गर्भाशय चेंडूसारखे घट्ट लागले की ती निश्चिंत. मऊ लागले की चोळते, ऑक्सिटोसिन देते, डॉक्टरांना हाक मारते. कारण गर्भाशय ढिले राहिले आणि उपचार मिळाला नाही, तर धडधाकट बाई दोनेक तासांत दगावू शकते.

हे दोन तास म्हणजे काय, ते मेळघाटाला विचारावे. तिथल्या धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात घाट. डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला डॉक्टरकी करायला गेले, तेव्हा सोनोग्राफी आणि रक्त नसताना बाळंतपण कसे करायचे, हे आधी शिकून गेले. आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांत सरकारने 'माहेरघर' काढले तेही यासाठीच. कळा सुरू झाल्यावर धावपळ नको, म्हणून गरोदर बाई काही दिवस आधीच तिथे येऊन राहते. तुमच्या घरापासून डफरीन दवाखाना काही मिनिटांवर. मेळघाटातल्या बाईला ज्यासाठी घर सोडावे लागते, ते तुमच्या दाराशी आहे.

राहिली सिझरची धास्ती. दवाखाना म्हणजे सिझर, असे समीकरण नाही. कमी जोखमीच्या बाईला कळा येत असताना हिंडू-फिरू द्यावे, पाणी आणि हलके खाणे द्यावे, सोबतीला तिच्या पसंतीचे माणूस असावे, आणि चिरा सरसकट देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना 2018पासून सांगते. घरच्या बाळंतपणात तुम्हाला जे आवडते, ते बहुतेक हेच. म्हणून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना मोकळेपणी विचारा : आईला आत येऊ द्याल का? उठून बसता येईल का? सिझर कोणत्या कारणांनी करता? रात्री कोण असते, रक्ताची सोय कुठे? सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची खास मोफत तपासणी असते. तिथे बाळंतपणही मोफत, अगदी सिझर करावे लागले तरी.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. कळा वाढवायचे इंजेक्शन घरी कुणाकडूनही घेऊ नका. त्याने गर्भाशय फाटू शकते. तेच औषध बाळ जन्मल्यावर जीव वाचवते.

आजीला घरी ठेवू नका. बाळंतपणाच्या खोलीत सोबतीला एका जाणत्या बाईला येऊ देतात का, ते आजच विचारून ठेवा. सहा वेळा कळा सोसलेली बाई उशाशी असली, तर पहिलटकरणीला आणखी काय हवे?